पेटीच्या आत कोण बसले आहे?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपल्या घराघरांत ऐकू येणारे काही गैरसमज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एक ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख तिने फोनमधल्या त्या नव्या एआयला विचारली. फोनने क्षणात तारीख सांगितली, वर कोणकोणती कागदपत्रे लागतील याची व्यवस्थित यादीही दिली. मुलगी निर्धास्त झाली. सगळी कागदपत्रे गोळा करून ती कॉलेजात गेली, तेव्हा कळले की मुदत आठ दिवसांपूर्वीच संपली आहे. खरी तारीख सूचनाफलकावर महिनाभर लावलेली होती.

ताई मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. "जयभीम दादा. हिला जरा समजावून सांगा. आता फीचे पैसे मी कुठून उभे करू?" त्या म्हणाल्या. फोनने चुकीची तारीख दिली असे मुलगी सांगू लागली, तर ताई उसळून म्हणाल्या, "कॉम्प्युटर कसा चुकेल? तूच नीट वाचले नसशील!"

आम्ही मुलीचा फोन घेऊन पाहिला. तिने नीटच वाचले होते. चूक यंत्राची होती आणि बोलणी मात्र मुलगी खात होती. सूचनाफलक पाहिला नाही एवढीच तिची चूक.

ताईंचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना. पोथीत लिहिले आहे म्हणजे ते खरेच, असे आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. ते ओझे आपण खाली उतरवले. आता त्याच जागी 'कॉम्प्युटरमध्ये आले आहे म्हणजे खरेच' हे नवे वाक्य येऊन बसते की काय, अशी शंका आम्हाला आली. म्हणून आम्ही वस्तीत लोक काय बोलतात ते ऐकले, जाणकारांना विचारले आणि वाचनही केले. त्यातून जे हाती आले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

बुद्धिबळ खेळणारी पेटी

आधी एक जुनी हकिकत सांगतो. सन १७७० मध्ये व्हिएन्ना शहरात, महाराणी मारिया थेरेसा यांच्या दरबारात, वोल्फगांग फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने एक यंत्र आणले. एक मोठी लाकडी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट आणि मागे तुर्की पोशाखातला लाकडी पुतळा. किल्ली दिली की पुतळा हात उचलून सोंगटी सरकवायचा आणि भल्याभल्यांना हरवायचा. पेटीची दारे उघडून लोकांना आतली दातेरी चाके दाखवली जात. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन या यंत्राशी खेळला. सुमारे ८४ वर्षे हे यंत्र युरोप-अमेरिकेत फिरले आणि १८५४ साली फिलाडेल्फियात आगीत जळाले.

त्या पेटीत अंग चोरून एक माणूस बसलेला असे. बुद्धिबळात तरबेज असलेला, मेणबत्तीच्या उजेडात खेळणारा माणूस. लोक चाकांकडे बघत राहिले आणि माणूस कोणाला दिसला नाही.

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेत असा माणूस लपलेला नाही. १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला बुद्धिबळाच्या सामन्यात हरवले, तेव्हा आत कोणी बसले नव्हते. ते यंत्रच खेळले. पण ते यंत्र बनवले माणसांनी, त्याला शिकवले माणसांच्या डावांवरून, आणि त्याचा उपयोग कशासाठी करायचा हेही माणसांनीच ठरवले. हे ध्यानात ठेवले की पुढचे गैरसमज समजायला सोपे जाते.

'त्याला सगळे माहीत असते'

चॅटजीपीटी नावाचा कार्यक्रम नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि तेव्हापासून हा समज घरोघर पोचला. प्रश्न विचारा, लगेच उत्तर. पण हे उत्तर येते कसे?

समजा आम्ही म्हटले, "चहात साखर जरा कमी..." पुढचा शब्द कोणता? कोणी 'घाल' म्हणेल, कोणी 'टाक' म्हणेल. 'रेल्वे' कोणी म्हणणार नाही. आयुष्यभर बोलणे ऐकून आपल्याला अंदाज आलेला असतो. हे यंत्र मुळात तेच काम करते. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याला दिलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे, याचे गणित ते मांडते आणि शब्दाला शब्द जोडत जाते. हे गणित इतके मोठे आहे की त्यातून अर्ज, पत्र, गणिताची उत्तरेसुद्धा तयार होतात आणि ती पुष्कळदा बरोबरही असतात.

पण वाक्य सुरेख जुळणे आणि वाक्य खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्तीची तारीख विचारल्यावर तारखेसारखी दिसणारी तारीख त्याने जोडून दिली. अलीकडचे काही कार्यक्रम इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, तरी जुने पान सापडले किंवा चुकीचा अर्थ लावला तर तेही चुकतात. आणि चुकताना त्यांचा आवाज कापत नाही. बरोबर उत्तर आणि चूक उत्तर, दोन्ही सारख्याच ठामपणे येतात.

यात शिकलेले लोकही फसले आहेत. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात जुन्या निकालांचे दाखले दिले. न्यायाधीशांनी शोध घेतला तर असे खटले कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटीने पक्षकारांची नावे, क्रमांक आणि निकालातला मजकूर रचून दिला होता. वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला मिळून पाच हजार डॉलर दंड झाला. न्यायालयात उभे राहणारे वकील जिथे फसले, तिथे आपल्या मुलीने स्वतःला मूर्ख समजण्याचे कारण नाही.

मराठीच्या बाबतीत तर जास्त सावध राहावे. इंटरनेटवर इंग्रजी मजकूर प्रचंड आणि मराठी त्या मानाने फारच थोडा. यंत्राला ज्या भाषेतले वाचन कमी मिळाले त्या भाषेत ते जास्त अडखळते. आपल्या गावाची, तालुक्याची, महामंडळांच्या योजनांची माहिती विचारली की चुकण्याचा संभव वाढतो.

'ते आपल्यासारखा विचार करते, त्याला मन असते'

रात्रपाळी करणारा आमच्या ओळखीचा एक तरुण सांगत होता, "घरी कोणाशी बोलता येत नाही, पण फोन माझे सगळे समजून घेतो." त्याला हसू नये. माणसाला कोणीतरी ऐकणारे हवे असते.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाचे शास्त्रज्ञ होते. जर्मनीत हिटलरशाही आल्यावर त्यांचे ज्यू कुटुंब १९३६ मध्ये देश सोडून अमेरिकेला आले होते. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाचा बोलणारा कार्यक्रम जगापुढे ठेवला. तो अगदी साधा होता. आपलेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा. 'मला आईचा राग येतो' म्हटले की 'तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा' असे काहीतरी विचारायचा. पण त्यांची स्वतःची सेक्रेटरी, जिने हे काम पहिल्यापासून पाहिले होते, ती त्याच्याशी बोलू लागली आणि थोड्या वेळाने त्यांनाच म्हणाली, आपण जरा खोलीबाहेर जाता का? तिला खाजगी बोलायचे होते! या प्रसंगाने वायझेनबाउम हादरले आणि माणसाचे निर्णय यंत्रावर सोपवू नयेत असे पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

आजची यंत्रे एलायझापेक्षा कितीतरी पुढे गेली आहेत, पण गोड बोलले म्हणजे काळजी आहे असे नव्हे. मन जड झाले असेल तर मित्राशी, घरच्यांशी, डॉक्टरांशी बोलावे.

दोन यंत्रांनी गुप्त भाषा काढली म्हणून ती घाबरून बंद केली, ही कथाही अजून फिरते. तिचे मूळ २०१७ मधले आहे. फेसबुकच्या संशोधकांनी दोन कार्यक्रमांना पुस्तके, टोप्या, चेंडू यांच्या वाटणीत घासाघीस करायला शिकवले होते. शुद्ध इंग्रजीच बोलले पाहिजे अशी अट घातलेली नव्हती. त्यामुळे ते तेच ते इंग्रजी शब्द वेडेवाकडे पुन्हापुन्हा म्हणू लागले. संशोधकांना माणसांशी बोलणारा कार्यक्रम हवा होता, म्हणून त्यांनी तो प्रकार थांबवून नियम बदलले. यात घाबरण्यासारखे काही नव्हते.

'यंत्र पक्षपात करीत नाही'

हा गैरसमज आम्हाला सर्वांत धोकादायक वाटतो. लोक म्हणतात, साहेबाला आडनाव दिसते, यंत्राला कुठे आडनाव कळते? यंत्र सर्वांना सारखे.

पण यंत्र शिकते ते कालपर्यंतच्या कागदांवरून. अमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज तपासण्यासाठी असे एक यंत्र तयार केले होते. दहा वर्षांत कंपनीकडे आलेल्या अर्जांवरून ते शिकले. त्या अर्जांत पुरुषांचाच भरणा होता. परिणाम असा झाला की ज्या अर्जात 'महिला' असा शब्द आला, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची कर्णधार, त्या अर्जाला यंत्र कमी गुण देऊ लागले. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये ही बातमी दिली. बाईला डावला असे यंत्राला कोणी सांगितले नव्हते. जुनी रीत पाहून ते आपणच शिकले.

त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणारे तीन कंपन्यांचे कार्यक्रम तपासले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर शंभरात एखादी. काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र एका कार्यक्रमाची चूक शंभरात जवळजवळ पस्तीस. ही तपासणी प्रसिद्ध झाल्यावर कंपन्यांनी आपापले कार्यक्रम सुधारले. कोणीतरी मोजून दाखवले, म्हणून ते सुधारले.

यापेक्षाही मोठी हकिकत नेदरलँड्स देशातली. तिथे नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळते. या मदतीत कोण लबाडी करीत असेल हे शोधण्यासाठी करखात्याने संगणकाकडून अर्जांना धोक्याचे गुण देण्याची पद्धत आणली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हीसुद्धा त्यात एक कसोटी होती. संगणकाने बोट दाखवले की अर्ज कर्मचाऱ्याकडे तपासणीला जाई, पण बोट का दाखवले हे त्या कर्मचाऱ्यालाही कळत नसे. भरीला कायदाही कडक. एखादी सही राहिली, थोडा हिशेब चुकला, तरी वर्षानुवर्षांची सगळी रक्कम परत मागितली जाई. हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा शिक्का बसला. त्यांत परदेशी मुळाची आणि कमी उत्पन्नाची घरे पुष्कळ होती. माणसे कर्जात बुडाली, संसार मोडले, एक हजाराहून अधिक मुले आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

त्या आईबापांनाही कार्यालयांत हेच ऐकावे लागले की तुमचेच काहीतरी चुकले असेल. आमच्या वस्तीतली ती मुलगी आम्हाला इथे पुन्हा आठवली.

'आता सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार'

या भीतीत तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही. माहिती भरणे, फोनवर ग्राहकांना उत्तरे देणे, साधे भाषांतर, अशा कामांवर परिणाम होऊ लागला आहे. पण 'सगळ्यांच्या' आणि 'आता' हे दोन शब्द तपासून घ्यावेत.

जेफ्री हिंटन हे या विषयातले फार मोठे नाव. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. २०१६ साली ते म्हणाले होते की क्ष-किरण तज्ज्ञ डॉक्टर तयार करणे आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा चांगले काम करील. ती पाच वर्षे केव्हाच उलटली. क्ष-किरण तज्ज्ञ आजही रुग्णालयांत कामावर आहेत. यंत्र त्यांच्या हाताखाली आले, त्यांच्या खुर्चीत बसले नाही.

आणि ते उपयोगीही पडते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचे संशयित रुग्ण निवडण्यासाठी अशा यंत्राचा उपयोग मान्य केला. जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर नाही तिथे याचा मोठा आधार आहे. मात्र यंत्राने संशय दाखवला तरी क्षय आहे हे ठरते ते थुंकीच्या तपासणीसारख्या चाचणीने. चाळींत आणि झोपडपट्ट्यांत क्षयाने किती घरे पोखरली हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून एआय म्हटले की सगळेच वाईट, असेही मानू नये.

नोकऱ्यांविषयी मुंबईकर कामगाराला कोणी शिकवायला नको. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्या जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. ते माणसांनी घेतलेले निर्णय होते. माग स्वतःच्या पायांनी उठून गेला नव्हता. आजही कोणाला कामावरून काढायचे, हे मालक ठरवतो आणि नाव यंत्राचे पुढे करतो. म्हणून संघटनेला इथेही काम आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपट-मालिका लेखकांच्या संघटनेने १४८ दिवस संप केला. वेतनाबरोबर एक मागणी एआयविषयी होती. करारात त्यांनी लिहून घेतले की यंत्राला लेखक मानले जाणार नाही, आणि यंत्राने तयार केलेला मजकूर लेखकाला दिला तर तसे त्याला सांगावे लागेल.

'सगळे आपोआप होते'

पेटीतल्या माणसाची आठवण आम्हाला इथे सर्वांत जास्त झाली. यंत्राने घाण बोलू नये म्हणून घाण कोणती हे त्याला आधी दाखवावे लागते. ते काम माणसे करतात. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' नियतकालिकाने केनियातल्या कामगारांची हकिकत छापली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीसाठी, एका ठेकेदार कंपनीमार्फत, ते अत्याचाराची आणि हिंसेची वर्णने दिवसभर वाचून त्यांवर खुणा करीत होते. हातात पडत होते तासाला दोन डॉलरपेक्षाही कमी. त्यांतल्या कित्येकांच्या मनावर त्या वाचनाचे व्रण राहिले. आपल्या देशातही चित्रांवर आणि मजकुरावर खुणा करण्याचे असे काम हजारो हात करतात. दुसऱ्यांची घाण काढणारा माणूस दिसत नाही, हे दुःख आपल्याला नवे नाही.

'आवाज ओळखला म्हणजे माणूस ओळखला'

हा गैरसमज घरात प्रत्येकाला समजावून सांगावा. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून एखाद्याचा हुबेहूब आवाज आता तयार करता येतो, चेहऱ्याचा व्हिडिओही. "आई, मला पोलिसांनी धरले आहे, ताबडतोब पैसे पाठव," असा मुलाच्याच आवाजात फोन आला तरी घाबरू नये. फोन ठेवावा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन लावावा. घरात सर्वांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. आधार क्रमांक, ओटीपी आणि बँकेची माहिती तर कोणत्याही एआयला देऊ नये.

मग आपण काय करावे?

आमचे म्हणणे असे नाही की मुलांच्या हातून फोन काढून घ्यावा. अवघड धडा सोपा करून घेणे, अर्जाचा मसुदा करणे, इंग्रजी वाक्य सुधारणे, यासाठी त्याचा जरूर उपयोग करावा. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत त्या घरातल्या मुलाला हा आधार मोठा आहे. फक्त तारीख, औषध, कायदा आणि पैसा या चार बाबतींत यंत्राच्या शब्दावर थांबू नये. तारीख सूचनाफलकावर किंवा सरकारी संकेतस्थळावर पाहावी. औषध डॉक्टरांना विचारावे. कायद्याचे वकिलाला, पैशाचे बँकेत जाऊन विचारावे.

आणि एखाद्या कार्यालयात 'कॉम्प्युटरने नाकारले' असे उत्तर मिळाले तर मान खाली घालून परत फिरू नये. कोणत्या कारणाने नाकारले आणि निर्णय कोणत्या अधिकाऱ्याचा, हे लेखी मागावे. सरकारी कार्यालय असेल तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आपल्या हाताशी आहेच. कॉम्प्युटर सही करीत नाही. सही माणसाची असते आणि जबाबदारीही त्याचीच.

त्या ताईंनी फीसाठी बचत गटातून कर्ज काढले. ते अजून फिटायचे आहे. परवा त्या रस्त्यात भेटल्या. यंदाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मायलेकी दोघी मिळून कॉलेजात चालल्या होत्या. "फोनने तारीख सांगितली आहे दादा," ताई म्हणाल्या, "पण बोर्ड स्वतःच्या डोळ्यांनी बघून येते. आणि हिला मी बोलले होते ना, ते चुकलेच माझे."

मुलगी काही बोलली नाही, पण या वेळी तिची मान खाली नव्हती.